टायरांची होडी

२ नोव्हेंबर

मालवणच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली आणि वर एक सल्ला फुकट दिला. म्हणाले, भाई, राग आला की तोंड उघडू नका, घरी जा आणि लिहून काढा. मी म्हटलं, एवढ्या वह्या आणू कुठून? ते हसले. मी विनोद केला नव्हता.

तर ही वही रागाची. राग आला तर लिहायचं, नाही आला तर वही फडताळात.

नाव परशुराम. तोंडवलीत मला त्या नावाने फक्त पोस्टमन ओळखतो, बाकी सगळ्यांचा मी भाई. होड्या बांधतो. बापही होड्याच बांधायचा. त्याने लाकडाच्या बांधल्या, मी आधी लाकडाच्या आणि आता फायबरच्या, कारण गिऱ्हाइकाला फायबरच पाहिजे. त्या रागाचं लिहायला बसलो तर आजच वही संपेल.

आजचा राग भक्तीचा. आमची एकुलती एक मुलगी. सत्तावीस वर्षांची, कणकवलीत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला. तिथे राहून तिने एक जुनी जिप्सी घेतली आणि तिला नको ते वेड लागलं. जिथे रस्ता नाही तिथे गाडी घालायची, दगडांवरून, ओढ्यातून, चिखलातून, आणि त्याच्या म्हणे स्पर्धा असतात. आमच्या वाडीला रस्ता मिळावा म्हणून आम्ही अर्ज करून करून म्हातारे झालो, आणि माझी मुलगी असलेला रस्ता सोडून चिखलात जाते. जग कुठे चाललंय बघा.

गोव्यातल्या स्पर्धेत तिचा वरचा नंबर आला. त्यामुळे आता जानेवारीत केरळात वागमणच्या डोंगरात मोठी स्पर्धा आहे, तिथे तिला बोलावलंय. तिथे सगळ्यांना बोलवत नाहीत. ती आणि तिची मैत्रीण अक्षदा, दोघी जाणार. बरोबर पाच टायर. चिखलाचे टायर वेगळे असतात, डांबरावर चालवले तर झिजतात, म्हणून जाताना साधे टायर लावायचे आणि तिथे पोचल्यावर बदलायचे. चार लावायला, पाचवा फाटला तर. जिप्सीच्या पोटात एवढी जागा नाही, म्हणून पाचही टायर टपावर बांधणार.

मी म्हटलं, डोक्यावर एवढं वजन घेशील तर पहिल्याच वळणावर उलटशील. जायचं नाही.

ती म्हणाली, "बाबा, मी इचारूक नाय इलंय, सांगूक इलंय."

बायको पार्वती आत मासे साफ करत होती, ती हसली. ते मी ऐकलं.

६ नोव्हेंबर

एक टायर घरी आणून पडवीत ठेवलाय. मी त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. पण पडवीत एवढी मोठी वस्तू असल्यावर माणूस किती वेळ दुसरीकडे बघणार?

काय माल आहे! हाताचं बोट पूर्ण आत जाईल एवढ्या खोल खाचा. बाजूच्या भिंतीवरसुद्धा दाते, म्हणजे दगडाला कुशीनेही धरणार. मी वर्षानुवर्षं होड्यांचे तळ घासून गुळगुळीत करतोय, पाणी कुठे अडू नये म्हणून. आणि हा टायर बनवणाऱ्याने उलटा विचार केलाय, सगळीकडे अडलंच पाहिजे. मी त्याच्यावरून हात फिरवत बसलो होतो, तेवढ्यात भक्ती आली. मी हात काढून घेतला.

मग तिने एक कागद पुढे केला. चित्र काढलेलं. जिप्सीच्या मागे ओढायची दोन चाकांची छोटी गाडी. आत दोघींना झोपायला जागा आणि पाच टायर ठेवायची सोय. म्हटलं, हे कोण बांधणार? ती म्हणाली, तुमी.

मी म्हटलं मी होड्या बांधतो, खटारे नाही. वाडीतल्या लवूची होडी शेडमध्ये उलथी पडलीय, तिचा तळ कोण करणार? मोठा आवाज झाला. डॉक्टर, माफ करा.

७ नोव्हेंबर

रात्रभर डोळ्यासमोर तिचं चित्र. सगळं चुकीचं होतं. छप्पर सपाट. पाऊस पडला तर वर तळं साचेल. एवढं साधं कळत नाही या मुलीला. छप्पर करायचं तर होडी उलटी घालावी तसं करायचं, म्हणजे पाणी थांबायचा प्रश्नच नाही.

सकाळी ते तिला दाखवण्यापुरतं काढून दिलं. राग जावा म्हणून, दुसरं काही नाही.

१९ नोव्हेंबर

लवू दोनदा येऊन गेला. आज म्हणाला, भाई, माझ्या होडीच्या जागेवर ही काय बाळंतिणीची खोली घातलीस? त्याला म्हटलं, तुझी होडी कुठे पळून जात नाही.

मितेशने लोखंडी सांगाडा जोडून दिला. मालवणच्या रस्त्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. चाकं आणि आस त्यानेच आणले, गाडीच्या कागदपत्रांचं भक्ती बघणार. वरचं माझं. जुन्या साच्यात फायबर घालून उलथ्या होडीसारखं छप्पर काढलं. आतून बघितलं की होडीच्या पोटात निजल्यासारखं वाटतं. खाली फळ्या, फळ्यांवर बिछाना. बिछान्याची लांबी मी स्वतः आडवा होऊन घेतली. पार्वती म्हणाली, पोरी पाच फुटी आहेत, हा पलंग कोणासाठी? मी म्हटलं, माप मोठंच घ्यावं. लुंगी अडकवायला एक खुंटी ठेवलीय, आणि डोक्याशी औषधाच्या गोळ्यांसाठी एक छोटा खण. पोरींचं डोकंबिकं दुखलं तर. त्यावर तिने चहा आणून ठेवला आणि जाताना ती पुन्हा हसली. बायकांना कशाचं हसू येतं ते देवालाच ठाऊक.

मग मोठा प्रश्न. टायर कुठे?

भक्ती म्हणत होती मध्ये, मितेश म्हणत होता कुठेही. माझ्या मते यात विचार करण्यासारखं काही नाही. जड वस्तू मागे. आम्ही होडीला मशीन कुठे लावतो? मागे. मागचं बूड बसतं, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं तोंड, वर उचललं जातं आणि लाट कापत जातं. नाळ जड झाली तर होडी पाण्यात तोंड खुपसते. हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोराला कळतं. तीन टायर मागच्या फळीला टांगले, दोन त्यांच्या पोटाशी. झक्कास दिसतात.

२८ नोव्हेंबर

आज राग नाही. तरी लिहितो. एक दिवस डॉक्टरांनाही कळू दे.

गाडी पुरी झाली. शेडबाहेर काढली तर अर्धी वाडी जमली. पुढचा दांडा, जो जिप्सीला अडकवायचा, तो मी एका बोटाने उचलून दाखवला. एका बोटाने! लवूने उचलला, मग त्याच्या बायकोने, मग सत्तरी ओलांडलेल्या आबांनी. लवू तोंडभरून म्हणाला, "नाळ अशी हलकी व्हयी. फुलासारकी जातली." त्याच्या होडीचं तो पार विसरला. दर्यावर आयुष्य गेलेली माणसं, ओळीने येत होती, बोटाने उचलत होती आणि मान डोलवत होती. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

फक्त पार्वतीने उचलून खाली ठेवला आणि विचारलं, "गाडी इतकी हलकी कशी वो?" ती कणकवलीच्या आतल्या शेतकरी घरातली. लग्नाआधी तिने होडी लांबूनच बघितलेली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुका होडयेतला काय कळता?" लोक हसले. ती घरात गेली.

८ डिसेंबर

आज पहिली फेरी.

माझ्या बापाची एक रीत होती. नवी होडी पहिल्यांदा दर्यात गेली की बांधणाऱ्याने आत बसायचं. होडी फुटली तर आधी सुताराने बुडावं, मालकाने नंतर. मी एकही होडी त्याशिवाय दिली नाही. म्हणून आज मीही जिप्सीत बसलो. अक्षदा मागे, मी पुढे, भक्ती चालवत होती.

कणकवलीपर्यंत सगळं छान. दोनतीनदा मागे काहीतरी हलल्यासारखं झालं, मी म्हटलं नवी वस्तू आहे, बसेल. मग महामार्ग लागला. कसालच्या अलीकडे लांब उतार आहे, तिथे एक ट्रक आमच्या बाजूने धडधडत पुढे गेला आणि त्याच्या वाऱ्याने मागची गाडी डावीकडे सरकली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, आधीपेक्षा जास्त. दर झोक्याला वाढत गेलं. ती जिप्सीचं बूड धरून आम्हाला हिसडत होती. आरशात माझी उलथी होडी एकदा या बाजूला दिसायची, एकदा त्या बाजूला. समोरून एसटी येत होती.

मी ओरडलो, ब्रेक मार, ब्रेक मार. तिने ब्रेक मारला नाही. मी तिच्या पायाकडे बघितलं, तो ब्रेकच्या जवळही नव्हता. तिने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय नुसता वर घेतला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि ठेवलं. गाडी डावीकडे ओढली तरी सरळ, उजवीकडे ओढली तरी सरळ. ती मागे बघत नव्हती. ती एसटीकडेही बघत नव्हती. ती एसटीच्या बाजूला उरलेल्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होती, एवढंच. एसटी गेली. हळूहळू झोके लहान झाले, मग थांबले. तिने गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून मागचं चाक बघायला गेली.

मी जागेवरूनच आरशात तिला बघत राहिलो.

मी मोठी वादळं बघितलीत. भल्या भल्या तांडेलांना सुकाणू सोडून देवाला हाक मारताना बघितलंय. पण असे हात मी कधी बघितले नव्हते. आणि ते हात माझ्या घरातले. लहानपणी याच हातांना मी रंगाचे डबे उघडू नको म्हणून मारलंय.

परत येताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, मी ब्रेक मारलो असतो तर आता आपण हय बोलत नसतो." चिडून नाही. समजावून सांगतात तसं.

९ डिसेंबर

राग आहे, पण कोणावर ते कळत नाही. म्हणून लिहीत नाही.

११ डिसेंबर

दोन दिवस शेडकडे गेलो नाही. आज सकाळी कुऱ्हाड घेऊन गेलो, फोडून टाकू म्हणून. मुलीला मारायचं यंत्र बांधलं मी, दुसरं काय? आणि सगळ्या वाडीने बोट लावून त्याचं कौतुक केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पार्वती आधीच तिथे येऊन बसली होती. गाडीच्या दांड्यावर. तिच्या वजनाने दांडा खाली टेकला होता.

भक्तीचा फोन आला होता, ती म्हणाली. मुलगी टायर टपावर बांधूनच जाणार म्हणते. ती थांबणार नाही. मग तिने माझ्याकडे न बघता तिच्या वडिलांचं सांगितलं. ते कणकवलीच्या बाजाराला बैलगाडीने भात न्यायचे, ही लहानपणी पोत्यांवर बसून जायची.

"माझो बापूस म्हणी, गाडी मागे भरू नये. मागे भरलास तर उलाळ होता. जू वर उचालता नि बैलाचो गळो आवळता. मगे बैल तरी काय करतलो? जू मानयेर बसलेला व्हया, नुसता टेकलेला."

मी म्हटलं, मग त्या दिवशी का नाही बोललीस?

"बोललंय. तुमी म्हटलात, तुका होडयेतला काय कळता."

मी कुऱ्हाड खाली ठेवली आणि तिच्या शेजारी दांड्यावर बसलो. होडीला पाणी सगळीकडून उचलतं. तिला कोणी ओढत नाही, तिची ती जाते. हिचं तसं नाही. हिला कोणीतरी मानेवर घेऊन जाणार आहे. एवढा साधा फरक आणि अख्ख्या तोंडवलीत तो एकाला कळला नाही, कारण आम्ही सगळे समुद्राकडे तोंड करून जगलेले. बैलगाडीत बसलेली एकच बाई होती आणि तिला मी गप्प केलं.

माफी मागितली. ती म्हणाली, आता सांगाडा कापा, दिवस थोडे राहिलेत.

२१ डिसेंबर

कापलं, जोडलं, पुन्हा कापलं. मितेश वैतागला पण आला. आस मागे सरकवला, दांडा लांब केला, तीन टायर पुढे दांड्यावर उभे बांधले, दोन बिछान्याखाली आसाच्या पुढे. मग पार्वती परीक्षेला. तिला म्हटलं दांडा उचल. तिने दोन्ही हात घातले, कमरेत वाकली, दात आवळले आणि जेमतेम उचलला. म्हणाली, आता मानेवर बसेल. लवू बोट लावायला आला होता. बोट चेपलं त्याचं. त्याच्या होडीचा तळही मी आजच संपवला, त्यामुळे तो फार बोलला नाही.

आज दुसरी फेरी. बांधणाऱ्याने बसायचं ही रीत, म्हणून बसलो. तोच महामार्ग, तोच उतार. ट्रक बाजूने गेले, एकदा दोन बस गेल्या. मी आरशात बघत होतो. मागे काही आहे की नाही असं वाटावं एवढी ती गुपचूप येत होती. मी मान वळवून खात्री करून घेतली. होती. माझं छप्पर आणि पुढे तीन काळे टायर.

परतीच्या वाटेवर भक्ती म्हणाली, थोडं थांबूया. सड्यावर गाडी थांबवली, मागची गाडी सोडून ठेवली आणि साधे टायर काढून चिखलाचे लावले. म्हणाली, बसा, तुम्ही कधी बघितलं नाहीत.

खरंच बघितलं नव्हतं. मुद्दामच.

सडा म्हणजे काळा जांभा, पावसाने खाल्लेला, जागोजागी फुटलेला. माणूस चप्पल सांभाळून चालतो. तिथून तिने जिप्सी खालच्या घळीत घातली. मी डोळे मिटले. मग उघडले, कारण गाडी आपटली नाही. ती चालत होती. एक चाक दगडावर चढलं की थांबायची, दुसरं उतरू द्यायची, मग पुढे. भक्ती काचेतून डोकं बाहेर काढून जमीन बघत होती आणि ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मी ऐकलं. ती गाडीशी बोलत होती. हं, हळू, ये, ये, तिकडे नको. मी रंधा मारताना लाकडाशी बोलतो, पार्वती मला त्यावरून चिडवते. हे मी तिला कधी शिकवलं नाही. मग हे आलं कुठून?

घळीच्या तळाला ओढा होता. तो ओलांडून समोरच्या कड्यावर चढलो. तिथून खाली सगळा किनारा दिसतो. तोंडवलीची वाळू, सुरूची झाडं, आणि समुद्र असा की त्याला शेवटच नाही. मी जन्म काढला त्या पाण्यावर, पण वरून कधी बघितलं नव्हतं. आमचं घर शोधलं, सापडलं नाही. एवढुसं असणार ते. माझा सगळा धंदा, सगळी भांडणं, बापाची शेड, सगळं त्या एका वाळूच्या रेघेत.

मी म्हटलं, भक्ती, तू इथे किती वेळा येतेस?

नेहमी, ती म्हणाली. कणकवलीहून घरी येण्याआधी येते. तुमचा राग शांत व्हायची वाट बघत.

डॉक्टरांना हे कसं सांगू कळत नाही.

३ जानेवारी

उद्या निघायचं. मीही जातोय. पहिली सफर आहे, आणि बांधणाऱ्याने बसायचं ही रीत आहे, यात कोणाला हसण्यासारखं काय आहे? पार्वतीने माझ्या गोळ्या आणि लुंगी आधीच भरून ठेवली होती. मी सांगायच्या आधी.

संध्याकाळी आबांनी गाऱ्हाणं घातलं. नव्या होडीला घालतात तसंच. नारळ हातात घेऊन ते उभे राहिले आणि अडले, कारण या वस्तूला म्हणायचं काय ते त्यांना सुचेना. मग म्हणाले:

"बा देवा म्हाराजा, आमच्या भाईचा चेडू उद्या परमुलखात जाता हा. वांगडा, सोबतीक, ही जी काय वस्तू आसा, तिच्या चाकाक, टायराक, नटाक, बोल्टाक काय आडवा इला तर तेचा तू निवारण कर म्हाराजा."

व्हय म्हाराजा, सगळे म्हणाले. लवू सगळ्यांत मोठ्याने म्हणाला.

भक्ती हात जोडून उभी होती. तिला कधी एवढी गंभीर बघितली नव्हती. तिला भीती वाटते का, असं मी नंतर विचारलं. हो म्हणाली. नेहमीच वाटते. मी आपलं समजत होतो की तिला ती नाहीच.

६ जानेवारी, वागमण

गोवा, कारवार, मंगळूर, मग केरळ. सगळा वेळ डाव्या-उजव्या बाजूला कुठे ना कुठे होड्या. आमच्यासारख्या नाहीत, नाळ उंच, वेगळीच. दोनदा थांबवायला लावून बघून आलो. पोरींनी कुरकुर केली नाही. मागची गाडी शहाण्यासारखी आली. रात्री पोरी आत झोपतात, मी बाहेर तंबूत. पलंग त्यांना फार मोठा होतो असं अक्षदा म्हणाली.

इथे डोंगर हिरवे आणि गवताचे. थंडी मरणाची. भाषेचा एक शब्द कळत नाही. स्पर्धेला आलेल्या गाड्या बघून माझं तोंडच उघडं राहिलं. मोठमोठ्या, नव्या, एकेकीबरोबर चारचार माणसं कामाला. त्यांत आमची जुनी जिप्सी आणि उलथी होडी. लोक येऊन होडीचे फोटो काढतात. मी शेजारी उभा राहतो आणि सगळ्यांना सांगतो, मैं उसका बाप. हिंदी माझं असंच आहे.

९ जानेवारी, वागमण

हे आजच लिहितो, उद्या सगळं असंच आठवेल की नाही माहीत नाही.

शेवटचा दिवस. डोंगरातून उतरणारा एक ओढा, दगडांचा, दोन्ही बाजूंना चिखलाच्या भिंती. त्यातून गाडी वर न्यायची. दोन्ही काठांना दोरी बांधलेली. आत फक्त गाडी, चालवणारे आणि त्यांची कामाची माणसं. बाकी सगळे दोरीबाहेर. आमच्या आधीच्या दोन मोठ्या गाड्या अर्ध्यावर अडकल्या, त्यांना तारेने ओढून काढलं.

भक्ती आत गेली, अक्षदा शेजारी. अर्ध्यापर्यंत चढली. मग थांबली. लोक ओरडत होते, मार, मार. ती तिथेच, पाणी चाकांवरून वाहतंय, आणि ती काचेतून डोकं काढून बघतेय. मग तिने गाडी थोडी मागे घेतली. मला वाटलं हरली. पण ती दुसरी वाट धरत होती, भिंतीच्या कुशीतून. चढायला लागली आणि तेवढ्यात फट्ट असा आवाज झाला. एका धारदार दगडाने पुढच्या टायरची कूस फाडली. गाडी तिरकी बसली.

वेळ चालू होता. टायर बदलायचा तर आपल्याच माणसांनी, वेळ संपायच्या आत. आत दोघीच. अक्षदा खाली उतरून जॅक लावत होती. पाचवा टायर वर, सोडून ठेवलेल्या उलथ्या होडीच्या दांड्यावर.

मी कसा धावलो मला माहीत नाही. पट्टा सोडला, टायर खाली उतरवला आणि उतारावरून गडगडत घेऊन आलो. दोनदा पडलो. दोरीशी पोचलो तर तिथला माणूस आडवा झाला. त्याने मला तीन दिवस होडीशेजारी बघितलेलं, आणि मी त्यालाही छाती काढून सांगितलं होतं मी कोण ते. तो हात करून म्हणाला, "फादर, फॅमिली उधर. अंदर सिर्फ टीम."

मी म्हटलं, "मैं फादर नहीं. मैं टायरवाला."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा टायरकडे. मग दोरी वर उचलली.

पाणी बर्फासारखं होतं. मी टायर चिखलातून ओढत नेला. भक्तीने मला बघितलं आणि जरासुद्धा चकित झाली नाही. म्हणाली, धरा. मी धरला. तिने नट आवळले, एकेक करून, समोरासमोरचे. मी मध्ये काही सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिचे हात चालू होते. मग ती म्हणाली, "बाबा, आता मागे सरा." मी मागे सरलो, चिखलाच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

आणि ती वर गेली. माझ्या डोळ्यांसमोरून, दोन हातांवरून. मी आणलेला टायर दगडाला धरत होता, सुटत होता, पुन्हा धरत होता. जिप्सीचं पुढचं तोंड आभाळाकडे झालं, पाणी माझ्या छातीवर उडालं, आणि मग ती माथ्यावर जाऊन दिसेनाशी झाली. नुसता आवाज येत राहिला. वरून लोकांनी केलेला गलका मला मागाहून ऐकू आला. देवळात सभामंडपात उभं राहिल्यावर जसं बोलवत नाही, तसं झालं होतं मला. मी रडत होतो हे मला त्या दोरीवाल्या माणसाच्या तोंडाकडे बघून कळलं.

तो जवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चलो टायरवाला, बाहर."

मी फाटका टायर उचलला आणि त्याच्याबरोबर निघालो. तोंडवलीत सगळे मला भाई म्हणतात, वर्षानुवर्षं म्हणतात, पण एवढा मान मला आजवर कोणी दिला नव्हता.